मदत हवी आहे: ठिबकच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, ढोबळी मिरची माना टाकतेय

मळेकरी_करवीर:
नमस्कार मंडळी. २५ गुंठ्यांत ढोबळी लावलीय, मल्चिंगवर (वाफ्यावर प्लास्टिकचा कागद), ठिबक आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली लागण. परवापरवापर्यंत सगळी रोपं एकसारखी होती. गेल्या दहा दिवसांत खालच्या बांधाकडचा तिसरा हिस्सा सकाळी दहा वाजल्यापासून माना टाकतोय. वरच्या बाजूला झाडं हिरवीगार, कळ्या लागलेल्या. फिल्टरची जाळी दोनदा धुतली, फरक नाही. ज्यांच्याकडून सामान घेतलं ते म्हणतात नळ्या गेल्या, सगळ्या बदला. दुसऱ्याच वर्षाच्या नळ्या आहेत. बदलायला पैसे नाहीत आणि मल्चिंग फाडणं जिवावर येतंय. सात हजारांच्या वर रोपं आहेत. लवकर सांगा, काय करू?

शिरोळचा_मळा:
अ‍ॅसिड सोडा. आमच्या क्षारपड भागात दर वर्षी हेच होतं. ड्रिपरच्या, म्हणजे नळीतून पाणी ठिबकतं त्या छिद्राच्या तोंडाला पांढरा थर बसतो. शेवटच्या टोकाला पाण्याचा सामू (पीएच) ४ होईल इतकं सोडायचं, लाईन भरलेली ठेवून एक दिवस बंद करायची, मग सगळी टोकं सोडून धुवायची. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही.

आजऱ्याची_लेक:
थांबा, आधी अ‍ॅसिड नको. दादा, पाणी कशाचं आहे? विहीर, बोअर की नदीच्या स्कीमचं? नळीची लांबी किती? ड्रिपर तासाला किती लिटरचा आणि किती अंतरावर? मोटर कितीची? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही. या माहितीशिवाय जो तो आपल्याच रानातला रोग तुमच्या रानात बघणार.

मळेकरी_करवीर:
विहीर. मोटर तीन एचपीची. नळी १६ एमएमची, ड्रिपर आतच बसवलेले, ४० सेंमीवर, ४ लिटरचे. वाफे २० आहेत, पाच फुटांवर. लांबी मोजली नाही. वरच्या रस्त्याकडून खालच्या बांधापर्यंत एकच नळी जाते.

ऊसवाला_कागल:
उसाला आम्ही जोडओळ पद्धतीत ठिबक केलं, पाणी निम्म्यावर आलं आणि टनेज वाढलं. खोडव्यालाही तीच नळी चालते. तुम्ही उसाला पण करा.

आजऱ्याची_लेक:
काका, त्यांची मिरची वाळतेय. उसाचं नंतर बोलू.

मळेकरी_करवीर:
दोर घेऊन मोजली. ८५ मीटर भरली.

आजऱ्याची_लेक:
निम्मं उत्तर इथंच मिळालं. ८५ मीटरवर ४० सेंमीने २१२ ड्रिपर झाले. ते ४ लिटरचे, म्हणजे एका नळीतून तासाला साडेआठशे लिटर पाणी जायला पाहिजे. १६ एमएमच्या नळीत घर्षणानेच दाब संपतो. ४ लिटरचा ड्रिपर या अंतरावर असेल तर सपाट रानात नळी ५०-६० मीटरच्या पुढं नेऊ नये. २ लिटरचा असता तर ८५ मीटर निभावलं असतं.

एक काम करा. सकाळी मोटर सुरू करून दाब स्थिर झाला की एकाच नळीचा पहिला, मधला आणि शेवटचा ड्रिपर घ्या, तिन्हीखाली छोटा खड्डा करून बाटली ठेवा आणि घड्याळ लावून १५ मिनिटं थांबा. ४ लिटरच्या ड्रिपरने एक लिटर भरलं पाहिजे. किती भरतं ते लिहा.

पन्हाळा_पायथा:
ताई, लांबीच चुकली असती तर लागणीपासून झाडं वाळली असती. त्यांचं पीक दीड महिना चांगलं होतं. हा चोकअपच आहे, ड्रिपर घाणीने तुंबलेत.

आजऱ्याची_लेक:
रोप लहान असताना त्याची गरज केवढी? तेव्हा २०० मिली मिळालं तरी भागतं. आता झाड मोठं झालं, मार्चचं ऊन लागलं, आणि पहिल्या दिवसापासून असलेली तूट आता दिसली. चोकअप नाही असं मी म्हणत नाही, दोन्ही असू शकतं. म्हणून तर बाटल्या ठेवायला सांगितलं.

शेतकरी_मित्र_हातकणंगले:
अनुदान घेतलं का? सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के असतं, वर राज्याचं पूरक धरून ८० आणि ७५ पर्यंत जातं. पूर्वसंमती यायच्या आधी सामान खरेदी करू नका, बिल धरत नाहीत.

मळेकरी_करवीर:
अनुदानाचं नंतर बघतो. बाटल्या ठेवल्या. पहिली ९२० मिली, मधली ५६०, शेवटची २१०. हे बघून पोटात गोळाच आला. एवढे दिवस मी सगळ्यांना सारखं पाणी देतोय असं समजत होतो.

शिरोळचा_मळा:
२१० फक्त लांबीने येणार नाही. क्षार आहेच. अ‍ॅसिड सोडा म्हणतोय मी.

नदीकाठ_करवीर:
माझं एक ऐका. शेवटच्या टोकाची एंड कॅप (बूच) काढा, नळी पांढऱ्या बादलीत सोडा आणि पहिलं पाणी कसं येतं ते बघा. एक नळी टोकाला वीतभर कापून उभी चिरा, ड्रिपर हातात घ्या. पांढरं, खरखरीत असेल आणि अ‍ॅसिडचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर क्षार. बोटाला बुळबुळीत लागलं तर शेवाळ नाहीतर जिवाणूंची साय. दोन्हीचं औषध वेगळं आहे.

मळेकरी_करवीर:
चिरली. आत तपकिरी चिकट थर आहे, बोटाने ओढला तर तार सुटते, वास आंबूस. थेंब टाकला, काही फसफसलं नाही. बादलीत पहिला मिनिटभर चहासारखं पाणी आलं, त्यात गोमाशीच्या पंखाएवढे पापुद्रे. विहिरीचं पाणी तर स्वच्छ आहे हो!

नदीकाठ_करवीर:
आंबूस वास? ठिबकमधून काय काय सोडता?

मळेकरी_करवीर:
१२:६१, १३:०:४५ आणि कॅल्शियम नायट्रेट, ही खतं. ही वेगवेगळ्या दिवशी, एकत्र कधी नाही. आणि दर आठ दिवसांनी जीवामृत. गूळ, बेसन, शेण, गोमूत्र. फडक्याने गाळून व्हेंच्युरीतून (खत लाईनीत ओढून घेणारी जोडणी) सोडतो.

नदीकाठ_करवीर:
हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. गुळाचं पाणी अंधाऱ्या, कोमट नळीत आठवडाभर मुरतंय. जिवाणू वाढायला याहून चांगली जागा नाही.

सेंद्रिय_गगनबावडा:
जीवामृताला नावं ठेवू नका. मी चार वर्षं ठिबकमधून देतोय, एकदाही नळी बंद पडलेली नाही. गाळण्याची पद्धत चुकली असेल. दोनशे लिटरचं बॅरल दोन दिवस हलवायचं नाही, वरची निवळी घ्यायची, ती तीन पदरी नायलॉनच्या कापडातून आणि नंतर चकत्यांच्या फिल्टरमधून. आणि सोडून झाल्यावर अर्धा तास निव्वळ पाणी.

नदीकाठ_करवीर:
काका, जीवामृताला नाव ठेवलेलं नाही. झाडाच्या बुडाशी तांब्याने ओता, मीही ओततो. पण तुम्ही एवढं तीन पदरी सांगताय, यातच कळतं की ते एका फडक्याचं काम नाही.

आजऱ्याची_लेक:
दादा, व्हेंच्युरी फिल्टरच्या आधी आहे की नंतर?

मळेकरी_करवीर:
नंतर. बसवणाऱ्याने तशीच बसवली.

आजऱ्याची_लेक:
म्हणून जाळी धुऊन फरक पडला नाही. जाळीत विहिरीचं स्वच्छ पाणी गाळलं जात होतं आणि गाळ त्याच्या पुढं मिसळत होता. व्हेंच्युरी फिल्टरच्या अलीकडे घ्या, हे आजच करा. जोडीला फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा. दोन्हीतला फरक वाढायला लागला की जाळी धुवायची, वार बघून नाही.

आता साफसफाई. वीस नळ्या एकदम उघडू नका, दाब पडतो आणि घाण हलत नाही. चार-चार टोकं उघडा, स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा, मग पुढच्या चार. त्याआधी सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपचा फ्लश वॉल्व्ह उघडा. हे झाल्यावर ब्लीचिंग पावडर. ती आदल्या रात्री पाण्यात कालवा आणि सकाळी फक्त वरची निवळी घ्या. खालचा चुना लाईनीत गेला तर नवीन दुखणं. लाईन भरून रात्रभर ठेवा, सकाळी परत टोकं सोडून धुवा. त्या दिवशी खत नाही, जीवामृत नाही.

आणि शिरोळच्या दादांनी सांगितलेलं अ‍ॅसिड या बरोबर अजिबात नको. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, मोटरच्या खोलीत माणूस गुदमरेल.

शिरोळचा_मळा:
हे बरोबर आहे. मीही एकत्र सोडा म्हणालो नव्हतो, पण लिहिलंत ते चांगलं केलंत. थर चिकट असेल तर माझं अ‍ॅसिड मागं घेतो.

राधानगरी_रान:
तुम्हाला चोकअप तरी झाला. आमच्याकडं गवे रात्रीत वाफ्यातून चालत जातात, नळी खुरानं दबून फाटते. मी सबमेन दीड फूट पुरली, नळ्यांना काय करू? कुणाकडं उपाय आहे का?

नदीकाठ_करवीर:
गव्यासाठी वेगळा धागा काढा भाऊ, तिथं सांगतो. आमच्याकडं पूर आहे. २०१९ ला नळ्या रानातच राहिल्या आणि वाहून गेल्या. २०२१ ला जून संपायच्या आत गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या, त्या अजून वापरतोय.

मळेकरी_करवीर:
चार दिवसांनी लिहितोय. व्हेंच्युरी अलीकडे घेतली, टोकं सोडली, ब्लीचिंग केलं. आज बाटल्या: ९३०, ६९०, ४८०. शेवटच्या वाफ्यात फरक दिसतो, पण दुपारी माना टाकतातच. आता लांबीचं काय करू? मधून सबमेन न्यायची तर वीस वाफ्यांचं मल्चिंग फाडावं लागेल.

नदीकाठ_करवीर:
मध्ये नका फाडू. खालच्या बांधाने दुसरी सबमेन टाका आणि वरच्या मेन लाईनीतून बाजूच्या कडेने पाइप आणून तिला जोडा. एंड कॅप काढून नळ्यांची टोकं तिला बसवा. दोन्हीकडून पाणी आलं की प्रत्येक नळी ४२ मीटरचीच झाली असं समजा. खाली ३० मीटर आणि कडेने ८५, म्हणजे वीस फुटी पाइप १९-२० लागतील. खालच्या सबमेनला सगळ्यात सखल जागी फ्लश वॉल्व्ह ठेवायला विसरू नका, कारण आता एंड कॅप राहणार नाहीत.

पन्हाळा_पायथा:
तीनची मोटर पुरेल का? वीस वाफ्यांना तासाला १७ हजार लिटर लागणार.

मळेकरी_करवीर:
२०० लिटरचं पिंप ४० सेकंदांत भरतं.

आजऱ्याची_लेक:
म्हणजे तासाला १८ हजार, पण ते उघड्या तोंडाने. दाब आल्यावर थोडं कमी होईल. जोडून बघा. गेजवर एक किलो दाब राहिला तर ठीक, नाहीतर दहा-दहा वाफ्यांचे दोन भाग करून आलटून पालटून द्या.

मळेकरी_करवीर:
कालच काम पूर्ण झालं. भावाकडं बोअरचे जुने अकरा पाइप पडले होते, नऊ विकत आणले. दोघांनी मिळून एका दिवसात चर मारून जोडलं. रात्रीची लाईट होती, अकराला मोटर सुरू केली आणि बॅटरी घेऊन खालच्या बांधाला बसलो. गेजवर एक किलोला जरा कमी. बाटल्या ९००, ७८०, ८६०. आज दुपारी एक वाजता शेवटच्या वाफ्यात गेलो, चार-दोन झाडं सोडली तर सगळी ताठ होती. ताई, नदीकाठचे काका, तुमचे उपकार आहेत. आता खालच्या बाजूला रोज जास्त वेळ पाणी देऊन भरून काढू का?

आजऱ्याची_लेक:
नको, दादा. उपाशी मुळाला एकदम पाणी दिलंत तर मर रोग लागायची भीती. सगळ्यांना सारखंच द्या, वाफशावर लक्ष ठेवा. मल्चिंगखाली बोट घालून माती मुठीत दाबा, गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये. आणि आठवड्याने परत तीन बाटल्या.

सेंद्रिय_गगनबावडा:
आणि जीवामृत?

मळेकरी_करवीर:
बंद नाही करत काका. उद्यापासून बुडाशी ओतणार, तांब्याने.