इटलीतील जेवण आणि सासूबाईंचे ताट

बी-304 : सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, सासूबाईंसह, रोम, फ्लोरेन्स आणि पिसा येथे नऊ दिवस जाणार आहोत. सासूबाई मांस, मासे, अंडे काहीच घेत नाहीत. तरीही तिथे जाऊन भारतीय हॉटेले शोधत फिरायचे नाही, तिथल्या माणसांच्या शेजारी बसून तिथलेच जेवायचे, असे त्यांनी ठरवले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-702 : ताई, सासूबाईंचा निर्णय मला मनापासून आवडला. आम्ही दोघे निवृत्तीनंतर रोमला गेलो होतो, तेव्हा एक चूक झाली ती आधी सांगतो. एका लहान खानावळीत, म्हणजे तिथल्या भाषेत त्रात्तोरियात, भोपळ्याची तळलेली फुले दिसली. आपल्याकडे कोकणात या फुलांची भजी करतातच, म्हणून आम्ही काहीही न विचारता ती मागवली आणि दोन घास घेतल्यावर आत मोझरेल्लाबरोबर खारवलेला मासा असल्याचे कळले. पत्नीला पुढे दोन दिवस कोणताही पदार्थ निर्धास्तपणे खाता आला नाही. वाढणाऱ्याने फसवले नव्हते. रोममध्ये ही फुले अशीच भरतात. म्हणून नुसते 'शाकाहारी आहे का?' असे विचारू नका, पदार्थात मासा आहे का, मांसाचे पाणी आहे का, असे एकेक विचारा.

सी-101 : काकांशी मी पूर्ण सहमत आहे. नोकरीनिमित्त मी दोन वर्षे बोलोन्यात होते. मांसाच्या पाण्याला तिथे 'ब्रोदो' म्हणतात आणि रिसोत्तो म्हणजे तिथला मऊ भात किंवा भाज्यांचे सूप बहुधा त्यातच शिजवलेले असते. वरून पाहून ते ओळखता येत नाही. अंड्याची बाबही महत्त्वाची आहे. बोलोन्याकडील ताज्या पास्त्याचे पीठ अंड्यातच मळतात, त्यामुळे ताल्यातेल्ले, लझान्या हे प्रकार सासूबाईंना चालणार नाहीत. वाळवलेली स्पघेत्ती, पेन्ने हे प्रकार मात्र गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतात. रोमची 'काचो ए पेपे', म्हणजे चीज आणि काळी मिरी घातलेली स्पघेत्ती, मला फार प्रिय आहे, पण काही ठिकाणी तीही अंड्याच्या तोन्नारेल्लीची करतात, तेव्हा शेवया कोणत्या हे विचारावे.

बी-304 : चीज तर चालेल ना?

सी-101 : हा निर्णय सासूबाईंनीच घ्यावा, पण त्यांना माहिती असायला हवी असे मला वाटते. पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो या दोन्ही चीजसाठी दूध फाडायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील द्रव्य वापरतात. पारंपरिक कृतीचाच तो भाग आहे. ते चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा घ्या. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, एवढेच त्यावर असते, चीज मुळीच नसते. यादीत 'पेपेरोनी' दिसले तर घाबरू नका. तिथे त्याचा अर्थ ढोबळी मिरची असा आहे.

ए-702 : पिसाला जाणार आहात म्हणून 'चेचीना' चुकवू नका. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्याच गोष्टी मोठ्या तव्यासारख्या थाळ्यात ओतून भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या पोळ्याचीच ती बहीण आहे आणि वर मिरपूड घालून गरम खाल्ली की परदेशात असल्याचे विसरायला होते. फ्लोरेन्सला 'रिबोल्लिता' मागवा. शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर पालेभाजी यांचे ते दाट कालवण थंडीत विशेष रुचकर लागते. काहीजण त्यात डुकराचे मांस टाकतात, त्यामुळे तेही विचारावेच लागते. तिथल्या पावात मीठ नसते, तो बिघडलेला नसतो.

बी-304 : बिलाबद्दल कुणी सांगेल का? टिप द्यावी लागते का?

सी-101 : टिपेची सक्ती नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दीड ते तीन युरो दिसतील; ते बसण्याचे आणि पावाचे शुल्क आहे. रोमच्या लात्सिओ प्रांतात ते घेण्यास मनाई आहे, पण पाव ठेवल्यास 'पाने' या नावाने पैसे लावता येतात, म्हणून नको असेल तर पाव आधीच परत करावा. आणि बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही, कारण जेवणाऱ्याला उठायला सांगणे तिथे असभ्य मानले जाते. 'इल कोंतो, पेर फावोरे' एवढे म्हणावे.

ए-702 : वेळेचेही पाहा. दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत चूल पेटत नाही. सासूबाईंना औषधामुळे वेळेवर जेवावे लागत असेल तर मधल्या वेळेसाठी रोममध्ये वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा उपयोगी पडतो. हवा तेवढाच कापून देतात.

बी-304 : काका, त्यांना साडेसहालाच जेवण लागते, त्यामुळे हे फार मोलाचे आहे. सी-101 ताई, मांस, मासे, अंडे आणि मांसाचे पाणी नको, हे इटालियनमध्ये एका कागदावर लिहून द्याल का? सासूबाई म्हणतात, तो कागद त्या स्वतःच वाढणाऱ्याला दाखवतील.

सी-101 : आज संध्याकाळी मोठ्या अक्षरांत लिहून घरी आणून देते. उच्चारही त्यांच्याकडून घोटून घेते.