रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ : मजकूर कुठे संपतो, सिद्धांत कुठे सुरू होतो?

प्रश्न (अभ्यासवर्ग_टाचण)

नमस्कार मंडळी. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या (मोशेच्या नियमांतल्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी ठरतो. साक्षीला दोघांनीही अब्राहामच आणला आहे, वचनही एकच, उत्पत्ती १५:६: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. प्रोटेस्टंट टीका (बायबलवरचं भाष्य) उघडली की याकोबाला पौलाच्या चौकटीत बसवलेलं दिसतं. कॅथलिक टीकेत दोघांना एकाच वाटेवरचे दोन टप्पे केलेलं असतं. यातलं वचनातलं किती आणि आपापल्या मंडळीच्या शिकवणीतून आलेलं किती, हे वर्गाला कसं दाखवायचं? वेळ दोन तास, ग्रीक येणारं कोणी नाही.

उत्तर १ (मूळपाठ)

ग्रीक नसलं तरी अडत नाही, मराठी पानावरच सुरुवात करा. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात पौलाकडे ‘कर्मे’ आहेत आणि याकोबाकडे ‘क्रिया’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘एर्गा’. मराठी कानाला ‘कर्म’ म्हटलं की कर्मकांड, कर्मफळ असं सगळं मागून येतं. ‘क्रिया’ म्हणजे नुसती कृती. म्हणजे वाचक पानावर येण्याआधीच भाषांतराने अर्धा तंटा मिटवून टाकला आहे. निर्णय चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. पौल बहुतेक ठिकाणी ‘नियमशास्त्राची’ असं जोडून बोलतो, याकोब तसं म्हणत नाही, तेव्हा फरक करायला आधार आहे. पण तो निर्णय आहे, हे वर्गाला दिसायला हवं. फळ्यावर दोन्ही वचनं लिहा, दोन्हीकडे ‘कृत्ये’ घाला आणि मोठ्याने वाचायला लावा. ठिणगी तिथेच पडेल.

दुसरा शब्द ‘नीतिमान ठरणे’. ‘ठरणे’ म्हटलं की निकाल लागल्यासारखं वाटतं, आणि ग्रीक ‘दिकाइओ’लाही न्यायनिवाड्याचा तो अर्थ आहे. लॅटिन ‘युस्तिफिकारे’त मात्र ‘करणे’ दडलेलं आहे: नीतिमान करणे. प्राचीन मंडळीतला धर्मपंडित ऑगस्टीन हे लॅटिनमधून वाचत होता, आणि पश्चिमेकडच्या मंडळीने पुढे शतकानुशतकं तसंच वाचलं. जानेवारी १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने सहाव्या अधिवेशनात सांगितलं की नीतिमान ठरण्यात फक्त पापक्षमा नाही, आतल्या माणसाचं पवित्रीकरण आणि नवीकरणही आहे. ‘ठरणे’ आणि ‘होणे’ यांतलं अंतर मराठीत जितकं लख्ख दिसतं तितकं इंग्रजीत दिसत नाही. याचा फायदा घ्या.

उत्तर २ (जर्मन_पाठ)

प्रोटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रवर्तक लूथर याचं उदाहरण जरूर घ्या, पण पुरतं घ्या. १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला. तो ग्रीकमध्ये नाही. १५३० च्या खुल्या पत्रात त्याने दोन कारणं दिली. एक, एक गोष्ट नाकारून दुसरी मान्य करायची असली की जर्मन माणूस ‘केवळ’ म्हणतोच. दोन, पौलाचा आशयच हा शब्द मागतो. पहिलं कारण भाषेचं, दुसरं सिद्धांताचं. वर्गाला ते वेगळे करायला लावा.

‘केवळ विश्वासाने’ असे शब्द ग्रीक नव्या करारात एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही नकारासह.

लूथरने इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही पुस्तकं शेवटी नेली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांक दिले नाहीत. काढून मात्र टाकली नाहीत. याकोबाच्या पत्राला त्याने ‘गवताचं पत्र’ म्हटलं, ते वाक्य योहान, पौल आणि पेत्र यांच्या लिखाणाशी तुलना करताना आलेलं आहे, आणि नंतरच्या आवृत्त्यांत ते गाळलेलं आहे. एवढं न सांगता नुसतं ‘गवताचं पत्र’ सांगितलं तर लूथरवर अन्याय होतो.

उत्तर ३ (कॅथलिक_वाचन)

आमच्याकडची जुळणी अशी: ट्रेंटच्या त्याच निर्णयाच्या आठव्या प्रकरणात पौलाचा ‘विश्वास’ म्हणजे तारणाचा आरंभ, आणि दहाव्या प्रकरणात याकोब २:२४ हे नीतिमत्त्व वाढण्याबद्दल. ऑगस्टीनने त्याच्या कितीतरी आधी म्हटलं होतं की पौल विश्वासाआधीच्या कृत्यांबद्दल बोलतो, याकोब नंतरच्या.

हिची अडचणही सांगायला हवी. अब्राहामाला बोलावणं आलं आणि तो निघाला ते उत्पत्ती १२ मध्ये. पौल वचन घेतो ते १५ मधलं. मग ते ‘आरंभाचं’ कसं? पौलाला खरी गरज आहे ती दुसऱ्या क्रमाची: १५ वा अध्याय १७ व्याच्या, म्हणजे सुंतेच्या, आधी येतो. रोमकरांस ४:१० चा सगळा जोर त्यावर आहे. याकोब २२ व्या अध्यायातल्या इसहाकाच्या अर्पणावरून मागे पाहतो आणि १५:६ तिथे ‘पूर्ण झालं’ म्हणतो.

हे वाचन याकोबाने नव्याने काढलेलं नाही. १ मक्काबी २:५२ मध्ये अब्राहाम परीक्षेत विश्वासू ठरला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं, असंच आहे. ते पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. याकोबाचं वाचन एकाला ओळखीचं आणि दुसऱ्याला विचित्र का वाटतं, याचं एक कारण पुस्तकांच्या यादीतच आहे.

उत्तर ४ (वर्गशिक्षक)

दोन तासांचं म्हणाल तर पहिली ४० मिनिटं फक्त याकोब २:१४-२६ वाचा, पौलाचं नावही नको. १९ व्या वचनावर थांबा: भुतंही विश्वास धरतात आणि थरथरतात. म्हणजे इथला ‘विश्वास’ निदान या वचनात ‘देव एक आहे’ हे मान्य करण्यापुरता आहे. मग रोमकरांस ३:२१ ते ४:१२. तुलना शेवटच्या अर्ध्या तासात.

हमखास चूक होते ती एका विशेषणाने. ‘याकोब खोट्या विश्वासाबद्दल बोलतो, खऱ्या नाही’ असं कोणीतरी म्हणेलच. ‘खरा’ आणि ‘खोटा’ हे शब्द मजकुरात नाहीत. १४ व्या वचनात ‘विश्वास’ शब्दाला ग्रीक उपपद (इंग्रजी ‘the’सारखं) आहे, त्यावरून ‘असा विश्वास’ म्हणता येतं, आधार एवढाच. दुसऱ्या बाजूने गलतीकरांस ५:६, प्रीतीने कार्य करणारा विश्वास, लगेच पुढे येतं आणि चर्चा मिटते. ते वचन शेवटपर्यंत राखून ठेवा.

एका बाबतीत मात्र प्रश्नाशी मी सहमत नाही. सिद्धांत पूर्ण बाजूला काढता येणार नाही. ही दोन पत्रं जुळवायची गरजच मुळी दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत असं मानल्यामुळे पडते. नुसती पहिल्या शतकातली दोन पत्रं म्हणून वाचली तर ‘दोघांचं पटत नाही’ म्हणून कोणीही पुढे जाईल. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्ग इथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्या ही गरज दोघांनाही मान्य होती म्हणूनच.

गृहपाठाला रोमकरांस २:१३ द्या: नियमशास्त्र ऐकणारे नव्हे, तर पाळणारे नीतिमान ठरतील. हे पौलाचंच वाक्य आहे. प्रत्येकाने आपल्या परंपरेची एक टीका उघडावी आणि ती या वचनाला ‘केवळ गृहीतक’ (प्रत्यक्षात कोणीच तसं पाळत नाही) म्हणते, अंतिम न्यायाकडे नेते, की सरळ अर्थाने घेते, एवढंच टिपून आणावं.