‘कॅल्शियम सिग्नल’ला मराठीत काय म्हणावे?

मेंदूवरच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘कॅल्शियम सिग्नल’पाशी मी चार दिवस अडले आहे. मी ‘संदेश’ लिहिले होते, तपासनिसांनी ते ‘संकेत’ केले. पण संकेत म्हणजे ठरवून पाळायची रीत, असेच माझ्या कानाला वाटते.

— ताई, ‘संकेत’ मलाही खटकतो, परंतु ‘संदेश’ तर चुकतोच. चेतापेशीच्या टोकाशी विद्युत्स्पंद पोचला की पेशीच्या आवरणातल्या वाहिन्या उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, कारण आतले प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असते. त्यामुळे टोकातल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, उघडून रसायन बाहेर पडते आणि पुढच्या पेशीपर्यंतची सुमारे २० नॅनोमीटरांची फट ओलांडते. संदेश नेते ते हे रसायन. माझे वडील रेल्वेत होते. आमच्या घरी ‘सिग्नल पडला’ म्हणत. हात खाली आला की गाडी सुटे, सिग्नल मात्र गाडीबरोबर पुढच्या स्टेशनात जात नसे. म्हणून ‘इशारत’ घ्यावे, इशारतीच्या तोफेतले.

— तोफेला एकच गोष्ट सांगायची असते. पलीकडच्या पेशीतही कॅल्शियम शिरते, आणि तिथे ते झटकन व भरपूर वाढले तर दोन पेशींमधली जोडणी बळकट होते, थोडेसे वाढून रेंगाळले तर बहुधा दुबळी होते. किती आणि किती वेळ यांवर जिथे अर्थ ठरतो, तिथे ‘संदेश’ चुकीचा कसा? माझ्या मते ‘सिग्नल’च ठेवावा, तो कधीच मराठी झाला आहे.

— असे म्हणत गेलो तर शास्त्राच्या लेखात मराठीची केवळ क्रियापदे उरतील. दोन चेतापेशींच्या या जोडणीला, म्हणजे सिनॅप्सला, तरी ‘चेतासंधी’ लिहा. सिनॅप्समधला ‘सिन्’ म्हणजे आपला ‘सम्’च आहे.

— नुसत्या नादसाम्यावरून व्युत्पत्ती लावू नये. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हा शब्द रूढ केला तो ‘एकमेकांना धरणे’ या ग्रीक अर्थावरून. व्याकरणातल्या संधीत वर्ण एकरूप होतात, इथे तर फट राहते. शिवाय वर्गात ‘संधी’ म्हटले की मुलांना नोकरीची संधी आठवते.

— मग ‘सांध’ का नको? फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध जोडही असते आणि फटही. आमच्याकडे गवंडी रोज सांधी भरतात.

— ‘चेतासांध’ मी आजच लेखात घालते. ‘सिग्नल’ची जागा अजून कोरीच आहे.