मदत हवी आहे: उन्हाळ्यात मेल्ट अँड पोअर साबणाला घाम सुटतो, थर निघतात, रंगही बिघडतो

नंदनवन_नागपूर

नमस्कार. मेच्या शेवटी घरी लग्न आहे. पाहुण्यांना देण्यासाठी संत्र्याच्या वासाच्या १०० ग्रॅमच्या ५० वड्या घरीच करायच्या आहेत. त्याआधी अर्ध्या किलोची चाचणी केली. पूर्ण कृती देते, म्हणजे नेमकं कुठे बिनसलं ते सांगता येईल.

पारदर्शक ग्लिसरीन बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) २५० ग्रॅम, पांढरा बेस २५० ग्रॅम. दोन्हींत मिळून संत्र्याचा रस २ मोठे चमचे, खोबरेल १ मोठा चमचा, घरातली हळद १ छोटा चमचा आणि संत्र्याचं तेल २० मिली. बेस स्टीलच्या पातेल्यात थेट मंद गॅसवर उकळी येईपर्यंत वितळवला, झाकण नव्हतं. पांढरा थर ओतला, तो पूर्ण घट्ट झाल्यावर त्यावर पारदर्शक ओतला. साचे कूलरसमोर ठेवले, मग तासभर फ्रीझरमध्ये.

अडचणी अशा: वड्यांवर पाण्याचे थेंब येतात, पुसले तरी परत येतात. दोन थर हाताने ओढले की सुटतात. वरच्या बाजूला बुडबुडे. हळदीचा पिवळा रंग न येता तांबूस डाग पडलेत, आणि तळाशी गाळ. पारदर्शक थर धुरकट. फेस कमी. कोणी नीट सांगेल का?

अंबाझरी

ताई, आधी घामाचं. ते थेंब साबणातून निघालेले नाहीत, हवेतून आलेले आहेत. या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं. पावसाळ्यात हा त्रास सगळ्यांनाच होतो. पण एप्रिल-मेमध्ये नागपूरची दुपारची हवा कोरडी ठाक असते, मग थेंब कुठून आले? कूलरमधून. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवूनच. त्याच्यासमोर ठेवलेली वडी म्हणजे जुलैतल्या हवेत ठेवलेली वडी. त्यात ती फ्रीझरमधून गारेगार काढली की तिच्यावर आणखी दव धरतं. तुमच्याकडे दोन्ही कारणं एकदम आहेत.

उपाय: कूलर नसलेली खोली, पंखा मंद किंवा बंद. एसी असेल तर उत्तम, कारण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. काहीच नसेल तर पहाटे चार-पाचला ओता, फरशीवर साचे ठेवा आणि खोलीची खिडकी-पडदे आठ वाजता लावून घ्या. १०० ग्रॅमच्या वडीला मे महिन्यात घट्ट व्हायला चार ते सहा तास लागतात, त्यात घाई नको. साच्यातून निघतच नसेल तर फ्रीझरमध्ये फार तर १० ते १५ मिनिटं, आणि बाहेर काढून वडी खोलीच्या तापमानाला आली, वरचं दव कोरड्या सुती कापडाने टिपलं, की लगेच क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा.

"लगेच" हा शब्द महत्त्वाचा आहे. उघडी ठेवली तर कूलरच्या खोलीत ती पाणी ओढते आणि बाहेरच्या कोरड्या हवेत उलट तिचं स्वतःचं पाणी उडून कडा आकसतात. दोन्हीकडून नुकसानच. घाम आलेली वडी वापरायला खराब नसते, फक्त भेट द्यायला बरी दिसत नाही. बाजारात कमी घाम येणारा बेस वेगळा मिळतो, ५० वड्यांसाठी तोच घ्या.

पऱ्हाटी

आता साहित्याकडे वळू, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे आहे.

संत्र्याचा रस पूर्ण काढून टाका. दोन कारणं. एक, रसात पाणी आणि साखर असते, ती आत राहून बुरशी धरते. बेसमधलं संरक्षक द्रव्य बेसपुरतंच असतं, त्यात मिसळलेल्या फळाला ते पुरत नाही. दुसरं, रस आंबट. आम्ल साबणात पडलं की तेवढा साबण मोडून मेदाम्ल सुटं होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पारदर्शक थर धुरकट होतो आणि फेस पडतो कमी. दूध, दही, बेसन, ताजं कोरफड यांचाही बुरशीचा धोका तोच. "ताजं घातलं" म्हणून साबण चांगला होत नाही, तो नासका होतो.

खोबरेल: मोठा चमचा म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास, अर्ध्या किलोला जवळजवळ तीन टक्के. या बेसमध्ये वरून घातलेल्या तेलाचा साबण होत नाही, कारण कॉस्टिकचं (तेलाचा साबण करणाऱ्या क्षाराचं) काम कारखान्यातच संपलेलं असतं. ते तेल तेलच राहतं. अर्ध्या किलोला एक छोटा चमचा ही वरची मर्यादा धरा. माझं मत विचाराल तर काहीच घालू नका, बेसमध्ये ग्लिसरीन आहे तेवढं पुरे.

हळद: साबण अल्कधर्मी असतो, बेसचा पीएच साधारण ९ ते १०. अल्कलीत हळद लाल होते. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं तेच हे रसायन. त्यामुळे साबणात हळदीचा स्वच्छ पिवळा रंग मिळणार नाही, तांबूस-केशरीच मिळेल. तुम्हाला संत्र्याचा रंग हवाय, म्हणजे ते सोयीचंच आहे, फक्त प्रमाण कमी करा: अर्ध्या किलोला पाव छोटा चमचा, कपड्यातून चाळलेली, एक छोटा चमचा ग्लिसरीनमध्ये आधी गुठळी न राहता कालवलेली. कोरडी पूड थेट टाकली की गोळ्या होतात आणि तळाशी बसतात. तरीही उजेडात हळदीचा रंग उडतो. एकसारखा केशरी हवा असेल तर साबणासाठीचा अभ्रकाचा रंग, म्हणजे मायका, अर्ध्या किलोला अर्धा छोटा चमचा. खाण्याचे रंग नकोत. ते एका थरातून दुसऱ्यात उतरतात आणि लवकर फिके पडतात.

संत्र्याचं तेल २० मिली म्हणजे सुमारे १७ ग्रॅम, साडेतीन टक्क्यांच्या जवळ. जास्त आहे. दीड टक्का घ्या, ५०० ग्रॅमला साडेसात ग्रॅम. आणि ते मिलीने मोजू नका, वजन करा.

नंदनवन_नागपूर

खूप उपयोगी, मनापासून आभार. दोन शंका. तेल कमी केलं तर वास राहील का? आताच तो मंद वाटतोय. आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड चालेल का? मृग बहाराच्या सालींची घरी केलेली आहे.

पऱ्हाटी

वास मंद झाला तो उकळल्यामुळे. संत्र्याचं तेल फार हलकं असतं, कडक गरम बेसमध्ये टाकलं की वाफेबरोबर निघून जातं. बेस ५५ अंशांवर आल्यावर, ओतायच्या अगदी आधी घाला. तरी एकटं संत्रं साबणात फार टिकत नाही, म्हणून त्याला धरून ठेवायला जड वास जोडतात: साडेसात ग्रॅममध्ये सहा ग्रॅम संत्रा आणि दीड ग्रॅम पाचोलीचं (पॅचौली) तेल. दालचिनी-लवंगेच्या तेलाचा मोह टाळा, त्वचा चुरचुरते. व्हॅनिला असलेला सुगंध घेतला तर वडी काही आठवड्यांत तपकिरी होते, पांढऱ्या थरात तो कधीच नको. केकमधे घालायचे इसेन्स साबणात उपयोगाचे नाहीत.

बाटली जुनी असेल तर वास घेऊन बघा. या तेलातलं लिमोनीन हवा लागून खराब होतं आणि मग त्वचेला त्रास देतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्येच ठेवा.

सालीची पूड चालेल, पण कडक वाळलेली आणि मैद्याइतकी बारीक. चुरा राहिला तर अंग खरवडतं. अर्ध्या किलोला एक छोटा चमचा, हळदीसारखीच ग्लिसरीनमध्ये कालवून. पूड काही दिवसांत तपकिरी होते हे गृहीत धरा आणि ती पांढऱ्या थरात घाला, तिथे ठिपके शोभतात. पारदर्शक थरात ती गाळासारखी दिसते.

तर्री_पोहे

साधनांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दोन वस्तू घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका जी.

पहिली, प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो, तो निरुपयोगी. लेझरवाला लांबून मोजणारा फक्त वरचा पापुद्रा मोजतो आणि आतलं तापमान कमी दाखवतो. दुसरी, ०.१ ग्रॅम मोजणारा छोटा काटा. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर साडेसात ग्रॅम तेल भरवशाने मोजता येत नाही.

वितळवायचं असं: बेसचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे. मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यात आतलं भांडं, आणि त्या भांड्यावर झाकण. झाकण नसलं तर बेसमधलं पाणी उडतं आणि तो चिकट, ओढाळ होतो. पाणी नुसतं सळसळायला हवं, खळखळायला नको. बेस ६० ते ६५ अंशांत पूर्ण पातळ होतो. ७० च्या वर जाऊ देऊ नका. उकळला की पिवळा पडतो, जळकट वास येतो, फेस धरतो. तुमच्या बुडबुड्यांचं एक कारण हे, दुसरं जोरात ढवळणं. सिलिकॉनच्या उलथन्याने तळाशी हळू फिरवा, चमच्याने फेटू नका. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या किलोला आधी ३०-४० सेकंद, मग १०-१५ सेकंदांचे टप्पे, दर टप्प्याला ढवळून.

गॅस बंद. रंग घाला. ५५ अंशांवर सुगंध घाला, ५०-५२ ला ओता. ओतल्यावर वर स्पिरिटचा एक फवारा मारा, बुडबुडे तिथल्या तिथे फुटतात. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, हात धुवायचं जेल सॅनिटायझर चालत नाही. आणि कृपा करून हे गांभीर्याने घ्या: स्पिरिट लगेच पेट घेतं. ओतायची जागा गॅसच्या ओट्यावर नको, दुसऱ्या खोलीत किंवा जेवणाच्या टेबलावर. देवघरातली समईसुद्धा जवळ नको.

हळद-पूड तळाशी बसू नये म्हणून बेस फार गरम ओतायचा नाही. ७० अंशांवर तो पाण्यासारखा पातळ असतो, सगळं खाली जातं. ५० ते ५२ ला दाटसर होतो, कण तरंगत राहतात. ४८ च्या खाली गेला तर ओतताना गुठळ्या पडतात, मग परत गरम करा.

अंबाझरी

थरांचं राहिलं होतं. पहिला थर पूर्ण घट्ट झाला की दुसरा त्याला चिकटत नाही, हेच तुमच्याकडे झालं. पहिल्यावर सायीसारखा पापुद्रा यायला हवा: बोटाने हलकेच दाबलं तर दबेल पण फुटणार नाही. मेमध्ये या अवस्थेला १५ ते ३० मिनिटं लागतात, जाडीवर अवलंबून. मग त्यावर स्पिरिटचा भरपूर फवारा, आणि तो ओला असतानाच दुसरा थर ५० ते ५२ अंशांवर, उलथन्याच्या पाठीवरून सोडत. याहून गरम ओतला तर खालचा थर वितळून दोन्ही मिसळतात. पहिला चुकून घट्ट झालाच तर काट्या-चमच्याने उभे-आडवे ओरखडे काढा, स्पिरिट मारा, मग ओता. दोन्ही थर एकाच कंपनीच्या बेसचे असलेले बरे.

पूर्ण ५० वड्यांचा हिशेब: बेस ५ किलो, भांड्याला चिकटून जाणारा धरून सव्वापाच. सुगंध ७५ ते ८० ग्रॅम, त्यातला संत्रा ६० ते ६४ ग्रॅम म्हणजे पाऊणशे मिलीच्या आसपास. १०० मिलीची बाटली पुरते. पाच किलो एकदम वितळवू नका, ओतेपर्यंत अर्धा दाट होईल. एक-एक किलोचे घाणे करा. साच्यात किती मावतं ते आधी पाणी भरून वजन करून बघा. बेस पाण्यापेक्षा किंचित जड आहे, तेवढ्या अंदाजाने चालतं.

नंदनवन_नागपूर

आता चित्र स्पष्ट झालं. पहिल्या चाचणीच्या वड्या परत वितळवून वापरता येतील का? आणि नणंद म्हणते पुढे विकायला सुरुवात कर, त्यासाठी काही लागतं का?

पऱ्हाटी

रस घातलेल्या वड्या परत वितळवू नका, देऊही नका. फ्रीजमध्ये ठेवून घरीच हात धुवायला आठवड्याभरात संपवा, वास बदलला तर टाकून द्या. रस नसलेला साधा बेस मात्र वितळवता येतो; कोरडा पडला असेल तर अर्ध्या किलोला एक छोटा चमचा पाणी घाला. एक जण नेहमी विचारतो म्हणून सांगते: दुकानातला अंघोळीचा साबण किसून त्यात मिसळू नका. तो असा पातळ होतच नाही, गुठळ्या राहतात.

घरच्या लग्नात भेट देणं वेगळं. विकायचं झालं तर साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू होतात, उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. परवाना असलेल्या कारखान्यातून बनवून घेण्याचीही सोय नियमांत आहे. पहिली वडी विकण्याआधी हे बघा. भेटीच्या वड्यांवरही घटकांची छोटी चिठ्ठी लावा, संत्र्याच्या तेलाची ॲलर्जी असणारे असतात.

तर्री_पोहे

बेस आणि साचे ऑनलाइन मिळतात. क्लिंग फिल्म, श्रिंक रॅप (गरम हवेने आवळणारं प्लास्टिक), खोके यांसाठी नागपूरच्या इतवारीतल्या घाऊक पॅकिंगच्या दुकानांत बघा, सुट्यापेक्षा स्वस्त पडतं. भेटीसाठी श्रिंक रॅप जास्त सुबक, पण त्याच्या हीट गनची हवा एकाच जागी धरू नका, खालचा साबण वितळतो.

शेवटी, वड्या लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी करा, महिनाभर आधी नको, नाहीतर वास उतरेल. एका खोक्यात दोनच्या वर थर रचू नका. आणि मंगल कार्यालयात नेताना गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेच्या उन्हात बंद डिकी इतकी तापते की बेस मऊ होऊन वड्यांचा आकार जातो. सकाळी सातच्या आत, प्रवाशांच्या सीटवर, एसी लावून न्या आणि तिथे कूलरपासून लांबच्या खोलीत ठेवायला सांगा.