मदत हवी आहे: प्रोग्राम मेला की टर्मिनल मुकं होतं

राजेहो, एक अडचण आहे. नागपूरच्या कळमना मार्केटातल्या काकांच्या अडतीसाठी सी आणि एनकर्सेसमध्ये (टर्मिनलवर स्क्रीन मांडायची लायब्ररी) संत्र्याच्या पेट्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिलाय. सुरुवातीला इनिटस्क्र (स्क्रीन ताब्यात घेतं), मग सीब्रेक (एंटरची वाट न पाहता कळ वाचतं), नोएको (टाइप केलेलं दाखवत नाही), शेवटी एंडविन (टर्मिनल पूर्ववत करतं). नीट बाहेर पडलं तर सगळं झकास. कंट्रोल-सी दाबलं तरी स्क्रीन जागेवर येते.

पण परवा काकांनी पेट्या शून्य टाकल्या. सरासरी भाव काढताना शून्यानं भागाकार, प्रोग्राम जागीच आडवा. त्यानंतर टाइप केलेलं दिसेना, एंटर मारलं तर ओळी जिन्यासारख्या तिरप्या. काका म्हणे, "कीबोर्ड गेला का रे?" आंधळेपणानं 'रिसेट' (टर्मिनल ताळ्यावर आणणारी कमांड) टाइप करून एंटर मारलं तेव्हा सुटलो. ते काकांना कोण शिकवणार!

शून्याची तपासणी आता घातलीय, पण उद्या दुसरं काही फुटेलच. एटएक्झिटमध्ये (प्रोग्राम नीट संपताना आपोआप चालणारं काम) एंडविन ठेवून पाहिलं. शून्य भागाकारासारख्या वेळी सिस्टिम सिग्नल पाठवून प्रोग्राम मारते, तसं सिग्नलनं मेल्यावर ते चालतच नाही. सिग्नल हँडलरमधून (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) एंडविन बोलावणं सुरक्षित नाही म्हणतात. मग सुरुवातीलाच टीसीगेटअ‍ॅट्रनं टर्मिनलची सेटिंग वाचून, जपून हँडलरमध्ये टीसीसेटअ‍ॅट्रनं परत लावू, की बाहेरून शेल स्क्रिप्ट गुंडाळून शेवटी 'एसटीटीवाय सेन' (टर्मिनलची सेटिंग ठीकठाक करणारी कमांड) चालवू? तुम्ही काय करता?