पुस्तकातला एकाकीपणा पडद्यावर उणावतो का?

होटगी रोड (धागाकर्ता):
व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची आणि अमोल पालेकरांचा त्यावरील चित्रपट १९९५ सालचा. सांगोल्याच्या पुढे गेले की माणदेशाचा तोच उजाड माळ लागतो, त्यामुळे सोलापूरच्या वाचकाला ही वाडी परकी वाटत नाही. कादंबरीत धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर स्वतःच सगळे सांगतो. वाडीत कुणापाशीही बोलता न येणारे त्याचे मन आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच दुष्काळाने वाडी ओस पडू लागते तेव्हा ते रितेपण थेट आपल्याला लागते. पडद्यावर मात्र आपण त्याच्या आत नसतो, त्याच्याकडे पाहत असतो.

माझे मत असे की चित्रपट माणसाला पुरते एकटे सोडतच नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेला ‘उंबरठा’ (१९८२) पाहा. सुलभाचे तुटलेपण ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ या गाण्यात इतके सुरेल होते की ते सोसण्याऐवजी आपण ते गुणगुणू लागतो.

साखर पेठ:
मी याच्याशी सहमत नाही. ‘सांगत्ये ऐका’ हे हंसा वाडकरांचे आत्मकथन आणि त्यावर बेतलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) शेजारी ठेवून पाहावेत. पुस्तकात बाई बोलत असतात, आणि आपले भोगलेले सांगणाऱ्या माणसाला निदान ऐकणारा तरी मिळालेला असतो. चित्रपटाने तो ऐकणाराच काढून घेतला. स्मिता पाटील यांची उषा मुलीकडे राहायला जाणे नाकारते, हॉटेलच्या खोलीत एकटी उरते, फोन वाजतो तरी तिच्याकडून बोलणे होत नाही. इथे मूळ पुस्तकापेक्षा पडदाच अधिक निर्दय आहे.

जुळे सोलापूर:
गाण्यावरील आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. ते गाणे आपल्या कानांवर येते, सुलभाच्या घरच्यांच्या नव्हे. तिची व्यथा आपल्याला कळते आणि ज्यांना कळायला हवी त्यांना कळत नाही, हीच तिची खरी कोंडी आहे. शिवाय शेवटी ती घर सोडून आगगाडीत बसते तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल (त्यांचे शालेय शिक्षण आपल्या सोलापुरातले, याचा मला अभिमान आहे) तिच्या तोंडी एकही समर्थनाचे वाक्य घालत नाहीत. कादंबरीकाराला अशा जागी काहीतरी लिहावेच लागते. चेहऱ्याला ती सक्ती नसते.

होटगी रोड (धागाकर्ता):
‘भूमिका’चा मुद्दा वजनदार आहे, पण त्याने माझेच म्हणणे बळकट होते. बेनेगलांनी पुस्तकातला एकाकीपणा पडद्यावर आणला नाही, स्वतःचा वेगळा घडवला. मास्तराचा एकाकीपणा त्याच्या निवेदनात आहे. ते निवेदन गेल्यावर उरतो तो माळ, आणि माळ कितीही विस्तीर्ण दाखवला तरी तो मास्तराचे मन होत नाही.

साखर पेठ:
वेगळा घडवला असेल, तर तो उणावला असे म्हणता येणार नाही, आणि धाग्याचा प्रश्न तर उणावण्याचाच आहे. आपण दोघांनीही ‘बनगरवाडी’ आधी वाचली आणि मग पाहिली, त्यामुळे मास्तराचा आवाज डोक्यात घेऊनच आपण पडद्यासमोर बसलो. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला, त्यांना तो मास्तर एकटा वाटला की नाही, हे त्यांनी इथे लिहावे.