शेकीची शेबेके आणि आपल्या शिंपल्यांच्या खिडक्या

दिवाडकर: अझरबैजानमधल्या शेकी गावच्या खानाच्या महालात (1797) रंगीत काचांच्या लाकडी जाळ्या (शेबेके) खिळा आणि गोंद न वापरता बसवल्या आहेत. इतक्या वर्षांत त्या सुटल्या कशा नाहीत? गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या जुन्या घराच्या शिंपल्यांच्या तावदानांना हे तंत्र चालेल का? मेस्त (सुतार) म्हणतो, खाचांत सिलिकॉन भरा.

खाच_कुसू: सिलिकॉन मुळीच नको. शेबेकेत लाकडाचे बारीक तुकडे कुसू (खाचेत बसणारं टोक) आणि खाचेने एकमेकांत अडकतात, काच त्या खाचांतच बसते आणि बाहेरची चौकट सगळ्याला आवळून धरते. एका चौरस मीटरात हजारो तुकडे असतात, त्यामुळे लाकडाचं फुगणं-आकसणं असंख्य सांध्यांत वाटलं जातं. गोंदाने सांधे जखडले, तर लाकूड हलायला वाव राहत नाही आणि आधी काच तडकते.

आपल्याकडे हाच धोका जास्त. 10 सेंमी रुंदीची सागाची फळी पावसाळ्यात आडवी मिलिमीटरभर फुगू शकते, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात घट्ट बसवलेलं खिडकीचं पान जुलैत अडतं. म्हणून चौकटीत मोकळीक ठेवा आणि लाकूड आधी काही महिने त्याच घरात सावलीत मुरू द्या.

चिरेबंदी: पण शेबेके जशीच्या तशी उचलू नका. आपल्या खिडकीत कातरलेले चौकोनी शिंपले पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात, रचना निराळी आहे. उघडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने क्रमांक घाला, मग कडेची पट्टी काढून शिंपले एकेक सरकवा. खाचेतला जुना रंग खरवडून काढा. शिंपले फुटतात ते बहुतेक तिथेच, कारण रंगाच्या थरांनी खाच अरुंद झालेली असते. हा शिंपला कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा नवे खाडीतून काढू नका. मोडलेल्या खिडक्यांतले जपलेले वापरा.

भिंत चिऱ्यांची असेल तर चौकटीभोवती सिमेंट नको, चुनाच. सिमेंटच्या आत ओल कोंडते आणि चौकटीचा खालचा भाग आधी कुजतो.

खाच_कुसू: क्रमांकाचा मुद्दा महत्त्वाचा. शेकीला प्रत्यक्ष जाणार असाल तर वरची कारवानसराय (व्यापारी तांड्यांची जुनी धर्मशाळा) आणि किशचं जुनं चर्चही बघा. 1772 च्या पुरात जुनं गाव वाहून गेलं, म्हणून आजचं शेकी उंचावर वसलंय. 2019 मध्ये या आजच्या शेकीच्या ऐतिहासिक भागाला महालासकट जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जाळी आतून बघा, खोलीत ऊन येतं तेव्हाच तिचे रंग कळतात.